एक ओळ खाली सरकलेली उत्तरं

प्रति,
महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे



मी गेली एकोणीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. त्यातली बरीच वर्षं शिष्यवृत्तीचे जादा तास माझ्याकडे आहेत. माझा अकरा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. घरात आम्ही ऑटिस्टिक हाच शब्द वापरतो. हे पत्र मी शिक्षिका म्हणून लिहिते आहे आणि आई म्हणूनही.

शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात. ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, विचार करायचा, पर्याय ठरवायचा आणि उत्तरपत्रिकेवर नेमकं त्याच क्रमांकापुढचं वर्तुळ रंगवायचं. हा शेवटचा भाग आपल्याला किरकोळ वाटतो. मलाही वाटायचा.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. फळ्यावर आकृत्यांची मालिका काढायला घेतली की माझा खडू टेकायच्या आत तिचं उत्तर यायचं. सराव परीक्षेत मात्र तिला बुद्धिमत्तेत शंभरपैकी बत्तीस मिळाले. मी तिची उत्तरपत्रिका घरी नेली. भाषेचे पंचवीस प्रश्न धरून चौतिसाव्या प्रश्नापर्यंत जवळजवळ सगळं बरोबर होतं आणि पुढे बहुतेक चूक. असं एकदम कसं होईल, म्हणून मी प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून एकेक उत्तर ताडून पाहिलं. पस्तिसावा प्रश्न तिनं "नंतर करू" म्हणून सोडला होता, पण त्याची ओळ रिकामी ठेवायची राहून गेली होती. छत्तिसाचं उत्तर पस्तिसाच्या ओळीत, सदतिसाचं छत्तिसाच्या. मी पट्टी घेतली आणि प्रत्येक उत्तर एक ओळ खाली सरकवून पुन्हा तपासलं. अठ्ठ्याऐंशी गुण झाले.

पुढे तिचं निदान झालं: एडीएचडी, म्हणजे ज्याला आपण अतिचंचलता म्हणतो ते. पण ही मुलगी चंचल कधीच दिसली नाही. खिडकीशी गप्प बसायची. मुलींच्या बाबतीत हे अनेकदा असंच होतं आणि म्हणूनच त्या लक्षात येत नाहीत. तोवर तिच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा होता: हुशार आहे, पण मन लावत नाही. त्यातला एक शेरा माझ्या हातचा आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. लक्ष धरून ठेवणं, स्वतःला मध्येच थांबवणं, क्रम सांभाळणं, वेळेचा अंदाज घेणं, ही मेंदूची कामं या मुलांना जड जातात. बुद्धीचा प्रश्न वेगळा. एडीएचडी तल्लख मुलांत असतो, साधारण मुलांत असतो आणि जी मुलं सावकाश शिकतात त्यांच्यातही असतो. "चित्र काढायला बसली की दोन तास उठत नाही, मग अभ्यासालाच काय होतं?" असं तिची आई विचारायची. लक्ष कुठं लागावं हे हवं तेव्हा ठरवता न येणं, हीच तर तिची अडचण होती.

आता माझ्या मुलाबद्दल. "गटात न बसणारे पद ओळखा: आंबा, चिकू, फणस, बटाटा." त्यानं फणसावर खूण केली. मी म्हटलं, अरे, बटाटा जमिनीत येतो ना? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "फणस खोडाला लागतो." कोकणात आजीकडे गेलं की तो त्या फणसाच्या झाडाखाली तासन् तास बसतो. चारही पदं त्यानं एकाच कसोटीवर पारखली होती, फक्त ती कसोटी उत्तरसूचीतली नव्हती. त्याला गुण द्या असं मी म्हणत नाही. परीक्षेला एकच उत्तर लागतं, हे मला समजतं. पण त्या चुकीमागे विचार नव्हता असं कुणी म्हणालं, तर मी ते मान्य करणार नाही.

तो सहा वर्षांचा असताना एका दवाखान्यात त्याचा बुद्ध्यांक काढला होता. चाचणीचा बराचसा भाग तोंडी होता. अनोळखी खोली, अनोळखी बाई, डोक्यावर घरघरणारा पंखा. दुसऱ्याची वस्तू सापडली तर काय करशील, असं त्यांनी विचारलं. तो पंख्याकडे पाहत राहिला. अहवालावर ५८ आकडा आला. दोन वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी आकृत्यांची रेव्हनची चाचणी झाली. तिथं बोलावं लागत नाही, रिकाम्या जागी कोणता तुकडा बसतो एवढंच दाखवायचं असतं. त्यात तो त्याच्या वयाच्या मुलांच्या बरोबरीनं आला. मूल तेच होतं.

हे फक्त माझ्या घरात घडलेलं नाही. कॅनडात मिशेल डॉसन नावाच्या बाई आहेत. आधी त्या टपाल खात्यात पत्रं वाटायच्या, नंतर संशोधक झाल्या. त्या स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३८ ऑटिस्टिक मुलांना या दोन्ही प्रकारच्या चाचण्या दिल्या. शंभर मुलांच्या रांगेत त्यांना उभं केलं असं धरलं, तर रेव्हनच्या चाचणीत ही मुलं सरासरी तीस जागा पुढे सरकली, काही तर सत्तरहून जास्त. जी मुलं ऑटिस्टिक नव्हती, त्यांच्यात असा फरक दिसला नाही.

त्याहून जुनी गोष्ट आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची पहिली ठळक ओळख करून दिली. यातल्या बहुतेकांना कधी ना कधी मतिमंद ठरवलं गेलं होतं, पण त्यांची आकलनशक्ती चांगली आहे, असं त्याच लेखात त्यांनी नोंदवलं. आणि बुद्धिमापनाची सुरुवात केली त्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये चाचणी बांधली ती कोणत्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल हे कळावं म्हणून. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. नागपूरला आर्थर मॅलिन यांनी वेक्स्लरच्या बुद्ध्यांक चाचणीला भारतीय रूप दिलं, तिला दवाखान्यात 'मिसिक' म्हणतात. या माणसांच्या कामाबद्दल मला आदर आहे. त्यांच्या चाचण्यांतून निघालेला आकडा मुलाच्या कपाळावर कायमचा चिकटवला जातो, तक्रार त्याबद्दल आहे.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच त्रास देतो. अफाट स्मरणशक्तीच्या ऑटिस्टिक माणसावरचा 'रेन मॅन' हा सिनेमा १९८८चा, पण अजूनही लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, "मग याला कॅलेंडर पाठ आहे का? गणितात भारी असेल ना?" नाही. त्याला फणस आवडतात आणि एसटीच्या पाट्या वाचायला आवडतात. ज्या माणसावरून ते पात्र सुचलं तो किम पीक तर ऑटिस्टिकही नव्हता, असं पुढे डॉक्टरांचं मत झालं. अमेरिकेत २०२०च्या पाहणीत, बुद्ध्यांक नोंदलेल्या आठ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांचा बुद्ध्यांक ७० किंवा त्याखाली होता. ती मुलंही माझ्याच मुलासारखी कुणाची तरी आहेत. माझा मुलगा हुशार निघाला म्हणून त्याला मान द्या, असं मी लिहिलं तर तो त्या मुलांवर अन्याय होईल.

एका शाळेनं त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला नकार दिला. नाव लिहीत नाही. "उगीच त्याला ताण कशाला? आणि शाळेचा निकालही बघावा लागतो, ताई." बोलणारे सर मनानं वाईट नव्हते. त्यांनी त्याला कधी प्रश्नपत्रिका देऊनच पाहिली नव्हती. तो डोळ्याला डोळा देत नाही, हाक मारल्यावर पहिल्या वेळी ओ देत नाही, एवढ्यावरून त्यांनी बुद्धीचा हिशेब मांडला होता.

आपल्याकडून मला काय हवं आहे, ते सांगते. पहिलं म्हणजे 'बुद्धिमत्ता चाचणी' हे नाव बदलावं. त्या पन्नास प्रश्नांत तर्क आहे, आकृत्या आहेत, सांकेतिक भाषा आहे, दिनदर्शिका आहे. 'तर्क व आकृती आकलन' असं काहीही सरळ नाव चालेल. "बुद्धिमत्तेत बत्तीस पडले" हे वाक्य दहा वर्षांच्या मुलीनं भर वर्गात ऐकू नये.

दुसरं, एडीएचडीच्या मुलांचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी मात्र वेगळ्या नावानं नाही. यादीत नाव नसलं की कार्यालयात पालकांना कुणी पुढचं टेबलसुद्धा दाखवत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर या मुलांनाही जादा वेळ मिळावा, आणि अर्ज भरायचा की नाही हे शाळेनं नव्हे, मुलानं आणि पालकांनी ठरवावं, असं परिपत्रकात स्पष्ट लिहिलं तर मुख्याध्यापकांनाही निर्णय घेणं सोपं जाईल.

आणखी एक लहानशी गोष्ट. ती मुलगी आता आठवीत आहे. मी तिला शिकवलंय की उत्तरपत्रिकेवर चालू ओळीच्या खाली सहा इंची पट्टी आडवी ठेवायची आणि प्रश्न सोडला तरी पट्टी एक घर सरकवायची. गेल्या तीन सराव परीक्षांत तिची एकही ओळ चुकलेली नाही. पण परवा एका केंद्रावरच्या पर्यवेक्षकांनी तिला विचारलं, पट्टीची परवानगी आहे का? तिनं मान खाली घालून पट्टी दप्तरात ठेवली. ती पट्टी बाकावर राहू द्यावी, एवढी एक ओळ पर्यवेक्षकांच्या सूचनांत यावी.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका