तपासायचे पैसे कोण देणार?

तर झालं असं, की दिवाळीत नारायणगावला मामाकडे गेलो होतो. मामाचा पिकअप आहे. टोमॅटोचे क्रेट भरायचे, माळशेज उतरायचा, कल्याण मार्केट गाठायचं. मामा म्हणाला, "अरे, अ‍ॅक्सिलेटर सोडला की गाडी लगेच मरते. पूर्वी कशी घरंगळत जायची!" गॅरेजवाल्याने एअर फिल्टर बदलून झाला होता, डिझेल फिल्टर बदलून झाला होता. आता क्लच प्लेटचा नंबर होता.

मी मेकॅनिकलचा इंजिनियर, पोटापाण्याला आयटीत (हसू नका). कॉलेजच्या वर्कशॉपनंतर पाना हातात धरलेला नाही. पण बग शोधायची सवय आहे ना! सिस्टिमचे दोन भाग करायचे आणि विचारायचं, घोळ अलीकडे की पलीकडे?

गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलेटर सोडला तर इंजिन तिला मागे ओढणारच, तो काही आजार नाही. म्हणून टायरमधली हवा बरोबर करून घेतली, मोकळा सपाट रस्ता बघितला आणि ४० च्या वेगात गाडी न्यूट्रल केली (घाटात हा प्रयोग चुकूनही करू नका). ४० वरून २० वर यायला १५ सेकंद. उतार-वाऱ्याचा हिशेब फिटावा म्हणून उलट दिशेनेही तेच केलं. उत्तर जवळपास तेच.

न्यूट्रलमध्ये इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो. म्हणजे फिल्टर आणि क्लच एका फटक्यात बाद! उरलं काय? टायर, बेअरिंग, ब्रेक.

घरी येऊन चारही चाकांच्या हबवर पाण्याचे थेंब टाकले. तीन ठिकाणी नुसते ओघळले. पुढच्या डाव्या चाकावर चर्र करून उडाले.

मग गॅरेज गाठलं. गॅरेजवाल्याने चाक जॅकवर उचललं, ब्रेक दाबून सोडला. चाक हाताने फिरेना. मग त्याने एअर काढायचा निपल जरा सैल केला. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे बेअरिंग ठीक, कॅलिपर ठीक, प्रेशर अडकून बसत होतं. रबरी होजपाइप आतून फुगलेला होता. पायाच्या जोराने ऑइल आत जायचं, परत यायचं नाही. बाहेरून पाइप अगदी नव्यासारखा.

मी विचारलं, "दादा, तुम्हाला हे सगळं येतं, मग फिल्टर का बदलत बसलात?"

तो हसला. "साहेब, तपासायचे पैसे कोण देतं? पार्ट टाकला तरच मजुरी मिळते."

मी गप्प. आम्ही ऑफिसात 'रूट कॉज' शोधायचे तासावर पैसे लावतो. आणि गॅरेजमध्ये कुणी तपासणीचे तीनशे मागितले की म्हणतो, "नुसतं बघायचे तीनशे?" मग तो बिचारा अंदाजाने पार्ट बदलतो आणि आपण त्यालाच चोर म्हणतो. मला वाटतं, दोष निम्म्याहून जास्त आपला आहे.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. नव्या डॉट ३ ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पण पाणी मुरलेल्या ऑइलचा १४० पर्यंत उतरलेलाही मानकात बसतो. चिकटलेला ब्रेक तापत राहिला आणि ऑइल उकळलं, की वाफ दबते आणि पेडल सरळ खाली जातं. माळशेजमध्ये, मागे भरलेले क्रेट! नवी क्लच प्लेट तिथे काय कामाची?

दोन्ही बाजूंचे होजपाइप बदलले, ऑइल नवं भरलं, एअर काढली. त्याच रस्त्यावर पुन्हा मोजलं : ३१ सेकंद.

मामाने होजपाइपचे पैसे दिले, आणि वर तपासणीचे वेगळे. जरा कुरकुरत, पण दिले.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेलात तर "काय बदलायचं?" असं विचारू नका. "तपासायचे किती घ्याल?" असं विचारून बघा.

असो. उद्या रविवार, परवा परत ऑफिस आहेच!