फावल्या वेळाचा हिशेब

लेकीचे बाळंतपण जवळ आले तेव्हा मी बाळंतविडा करावयास घेतला. चार झबली, दोन टोपडी, एक कुंची आणि दोन दुपटी, एवढाच बेत होता. माझ्या आईचे एक सुती लुगडे मी अनेक वर्षे जपून ठेवले होते. धुऊन धुऊन त्याला जो मऊपणा आला होता, तो कोणत्याही नव्या कापडाला यावयाचा नाही. त्याचे चार पदर एकावर एक ठेवून मी धावदोरा घालू लागले. वांद्र्याच्या आमच्या इमारतीतील एक तरुण शेजारीण ते पाहून म्हणाली, "काकू, किती सुरेख! तुम्ही अशी दुपटी विकायला का काढत नाही? निवृत्तीनंतर वेळ मोकळाच असतो ना?"

तिच्या कौतुकाने मी सुखावले. परंतु तिचे शेवटचे वाक्य मनात अडकून राहिले. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविल्यामुळे हिशेबाची खोड जात नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मी रोजचे तास टिपून ठेवले. एका दुपट्याला 31 तास लागले. तासाला अवघे 60 रुपये धरले तरी नुसती मजुरीच 1,860 रुपये होते. एवढी किंमत सांगितली असती, तर त्याच शेजारणीने ती वेड्यात काढली असती.

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर 'उमेद' अभियानातील महिला बचत गटांचे 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शन भरते, तेथे एकदा गेले होते. एका गाळ्यावर गोधड्या मांडलेल्या होत्या. दोन माणसे झोपतील एवढ्या गोधडीची किंमत बाईंनी 1,500 रुपये सांगितली. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी ती 900 ला मागितली आणि वर ऐकविले, "घरीच तर शिवता, त्याला काय लागतं?" ते गेल्यावर मी बाईंना विचारले, एका गोधडीला किती दिवस लागतात? त्या हसून म्हणाल्या, "दिवस कोण मोजतंय ताई? घरचं आवरून फावल्या वेळात बसायचं."

गिऱ्हाईक आणि कारागीर यांचे किमतीवर एकमत झाले नाही. पण एका गोष्टीवर पूर्ण एकमत होते. हा वेळ फुकटचा आहे, यावर. माझ्या मते सारा प्रश्न या एकमताचा आहे.

याचा दोष त्या दोघांनाच देणे अन्यायाचे होईल. आम्हा अर्थशास्त्रज्ञांनीच ते एकमत शास्त्रशुद्ध करून दिले. पिगू या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1920 साली दाखवून दिले होते की, घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशी मालकाने लग्न केले, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. हे उदाहरण मी वर्गात वर्षानुवर्षे सांगितले. मुले हसत, मीही हसे, आणि घरी परतून मुलांची फाटकी शिवीत बसे. त्या शिवण्याचा त्या उदाहरणाशी संबंध आहे, हे मला बरेच उशिरा उमगले.

राष्ट्रीय लेख्यांच्या 1993 च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने घरच्या वापरासाठी शिवलेल्या कपड्यांनाही उत्पादन मानले आहे. परंतु आपल्या रोजगारविषयक नमुना पाहणीत 93 हा एक सांकेतिक क्रमांक आहे. घरकाम करून शिवाय घरासाठी सरपण-चारा गोळा करणारी, शिवणारी, विणणारी व्यक्ती त्या क्रमांकाखाली येते, आणि तिची गणना श्रमशक्तीच्या बाहेर होते. म्हणजे वस्तू उत्पादन ठरू शकते, ती निर्माण करणारी आई मात्र श्रमिक ठरत नाही!

यावर कोणी म्हणेल, आईच्या मायेला मोल लावावयाचे की काय? नातीच्या दुपट्याची मजुरी मला नको आहे. दान हे दान म्हणूनच राहू द्यावे. परंतु जे काम आपण खुशीने दिले त्याला दान म्हणता येते. जे गृहीत धरले गेले त्याला नाही. लग्नातले रुखवत आठवावे. वधूची आई नि मावश्या महिनोन्‌महिने क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे करीत. पाहुणे 'हौस दांडगी' म्हणून पुढे सरकत. त्या हातांत रंगसंगती होती, भूमिती होती, वर्षांचा सराव होता. हौस या एका शब्दात आपण ते सारे कौशल्य गुंडाळून ठेवले.

आणि हा शब्द घरापुरता राहत नाही, तो बाजारात मजुरीचा दर ठरवितो. आंध्रातील नरसापूर परिसरातल्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा मारिया मीस यांचा अभ्यास 1982 साली प्रसिद्ध झाला. त्यांची लेस जगाच्या बाजारात जात होती. परंतु त्या 'घरी बसलेल्या गृहिणी' असून फावल्या वेळात विणतात, असे मानले गेल्यामुळेच त्यांना अत्यल्प मजुरी देणे व्यापाऱ्यांना शक्य झाले, असे मीस यांनी दाखविले. नरसापूर दूर वाटत असेल, तर रेल्वेचा पूल ओलांडून वांद्रे पूर्वेला जावे. तेथील वस्त्यांत तयार कपड्यांचे दोरे कापणे, टिकल्या लावणे, बटणे शिवणे ही कामे आया मांडीवर मूल घेऊन नगावर करतात. भाडे, वीज, सुई आणि डोळे त्यांचे, नफा दुसऱ्याचा.

मुळात हा 'फावला वेळ' आहे तरी कोठे? 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवीत होत्या. अशी कामे करणारे पुरुष 97 मिनिटे. शिवाय स्त्रियांपैकी 81 टक्क्यांहून अधिक ही कामे करीत, पुरुषांपैकी सुमारे 26 टक्केच. पाच तासांच्या या पाळीनंतर जी सुई हातात येते, ती झोपेतून कापलेल्या वेळाची असते.

वाट नाही असे नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला, त्यातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' उभे राहिले. तेथेही काम घरीच होते. पण लाटणारी बहीण संस्थेची मालकीण आहे, आणि लाटण्याचा दर ठरलेला असतो. काम घरी होते म्हणून ते स्वस्त असलेच पाहिजे असे नाही, हे या उदाहरणाने सिद्ध केले. 1966 च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी राहून मालकासाठी काम करणाऱ्याची व्याख्या आहे. पण व्याख्येने पोट भरत नाही. घरकामगारांविषयीचा 1996 चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 177 वा करार भारताने अद्याप मान्य केलेला नाही. तो मान्य करावा, नगाचा दर लागणाऱ्या तासांवरून ठरवावा आणि किमान वेतनाशी जोडावा, एवढी मागणी तरी आपण लावून धरली पाहिजे. घरातही एक सुधारणा विनाकायदा होऊ शकते: आई शिवावयास बसली, की कुकर दुसऱ्या कोणी लावावा.

नात आता त्या दुपट्यात झोपते. तासांची ती दिनदर्शिका मी टाकून दिलेली नाही, लेकीला दाखविली. ती बराच वेळ आकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आजीचे तास कोणी लिहिले नाहीत ना गं?" नाही लिहिले. म्हणून आपणांस एवढेच विनवावयाचे की, गोधडीच्या गाळ्यापुढे पुन्हा कधी उभे राहाल, तेव्हा भाव पाडण्याआधी तास विचारा. विचारल्याशिवाय ती बाई ते मोजावयाची नाही.