पोथीला पुन्हा कुलूप नको

मा. संपादक,


महानुभाव पंथाचे सगळे ग्रंथ एका बंदिस्त संकेतस्थळावर ठेवावेत, गुरूंकडून पंथाचा उपदेश घेतलेल्यांनाच पासवर्ड द्यावा आणि मजकुराला हात लावण्याचा अधिकार दोन-तीन जाणत्यांकडेच असावा, अशी सूचना आपल्या पत्रस्तंभात वाचली. सुचवणाऱ्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. मीही उपदेशी घरातलाच आहे. तरीही ही सूचना पंथाच्या मुळावर येणारी आहे असे मला वाटते. हे ग्रंथ विकिस्रोतासारख्या खुल्या ठिकाणीच असायला हवेत.

आपला ‘लीळाचरित्र’ ग्रंथ तयार कसा झाला हे आधी आठवावे. पंथप्रवर्तक चक्रधर स्वामींनंतर त्यांचे अनुयायी म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले होते त्यांच्याकडून एकेक लीळा मिळवली आणि स्वामींनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली. पुढे मूळ पोथी धाडीत गेली. तेव्हा ज्यांना जेवढे पाठ होते त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. हिराइसांचा पाठ एक, इतरांचा वेगळा. आठवणी जुळल्या नाहीत तिथे त्या जुन्या मंडळींनी एक ठेवून बाकीचे पुसून टाकले नाही. ‘वासना’ म्हणून तो पाठभेद पोथीतच नोंदवला. कोणाच्या स्मरणाप्रमाणे काय, हे आजही त्यामुळे कळते. विकीवर कोणत्याही पानाचा ‘इतिहास’ उघडा, तिथेही अशीच नोंद असते: कोणी, कधी, कोणता शब्द बदलला, आधी काय होते. त्यामुळे ही पद्धत पंथाला परकी आहे हे म्हणणे मला मुळीच पटत नाही.

कुलपाचा अनुभवही आपल्याला आहेच. चौदाव्या शतकापासून आपण ग्रंथ सकळ आणि इतर सांकेतिक लिप्यांत ठेवले. त्या काळी भीती खरी होती आणि त्या लिपीने पोथ्या राखल्या, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पण त्याची किंमतही मोजावी लागली. ग्रंथ कोणाला वाचायलाच मिळत नव्हते, म्हणून बाहेरच्यांनी पंथाविषयी वाटेल ते पसरवले आणि उत्तर द्यायला आपल्या हातात उघडी पोथी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या लिप्या उलगडल्या. नंतर नेने, कोलते, तुळपुळे यांनी ग्रंथ संपादून छापले. तेव्हा कुठे मराठीतला आद्य गद्यग्रंथ आपल्या घरात जपला गेला होता, हे महाराष्ट्राला कळले.

बंदिस्त संकेतस्थळाची गतही मी पाहिली आहे. आमच्या ओळखीच्या काही मंडळींनी तळमळीने एक सुरू केले होते. आत जायला गुरूंचे नाव, मोबाईल क्रमांक आणि मंजुरी लागे. ग्रंथ जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, त्यामुळे एक शब्द शोधायचा तर सगळी फाइल चाळायची. एका लीळेतले वाक्य कधीतरी बदलले गेले. कोणी बदलले, कोणत्या पोथीवरून, हे कोणालाच सांगता येईना. पुढे सांभाळणाऱ्याला वेळ होईना, वार्षिक शुल्क भरायचे राहिले आणि सगळे नाहीसे झाले. धाडीत पोथी गेली तेव्हा निदान लोकांना पाठ तरी होते.

खुल्या ठिकाणी कोणी खोडसाळपणा केला तर, हा आक्षेप मी हलका मानत नाही. स्वामींविषयी कोणी वेडेवाकडे लिहिले तर मलाही लागेल. पण विकिस्रोतावर मूळ छापील पानाचे छायाचित्र आणि टाइप केलेला मजकूर शेजारी-शेजारी असतात. एकाने तपासले की पान पिवळे होते, दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासल्यावरच हिरवे. खोडी कोणी केलीच, तर ती शेजारच्या छायाचित्राशी जुळत नाही आणि एका कळीने मागे घेता येते. तिथे निरूपण, मतमतांतर यांना जागा नाही, ते आपल्या आश्रमांच्या संकेतस्थळांवर खुशाल असावे. विकिपीडियाची गोष्ट निराळी. तिथे आपल्याला न रुचणारी मतेही नोंदवली जाणारच, आणि ती सोसावी लागतील.

आणखी एक सांगतो. नागदेवाचार्यांचे शिष्य केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवले. त्याने माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील, हे त्यांचे कारण ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे. आज पासवर्डचा अर्ज कोणाला अडवेल? नातवाच्या मोबाईलवर ऐकू पाहणाऱ्या त्याच म्हातारीला. पंजाबातल्या जयकृष्णी (म्हणजे तिथल्या महानुभाव) कुटुंबातल्या मुलाला, ज्याच्या घरी पोथी आहे पण मराठी नीट येत नाही. आणि ज्याने अजून उपदेश घेतलेला नाही पण ज्याला ओढ आहे, त्याला.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. पंथातील महंतांनी आपल्याकडच्या पोथ्यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत, विद्यापीठाने ती विकिस्रोतासाठी चढवावीत आणि स्वामित्वहक्क संपलेल्या आवृत्त्यांपासून कामाला सुरुवात करावी. ज्यांना सकळ लिपी वाचता येते असे वडीलधारे आश्रमांत अजून आहेत. प्रत्येकाच्या शेजारी टाइप करणारा एक तरुण बसला तरी पुष्कळ होईल.

दंडवत प्रणाम.
— एक उपदेशी वाचक, अमरावती