थेंबभर पाण्याची किंमत

नगर जिल्हा आणि पाणी यांचे नाते तसे विचित्रच. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तिथून पूर्वेकडे सरकावे तसे पर्जन्यछायेतले कोरडे माळ सुरू होतात. पारनेर-पाथर्डीच्या माणसाला पाणी कमी पडण्याची सवय. पण २०२० नंतरची मालमोटार ज्याच्या दारात उभी आहे, त्याला नको तिथे येणाऱ्या पाण्याचीही काळजी करावी लागते. हे पाणी सायलेन्सरच्या नळीत साचते आणि तिथल्या एका नाजूक सेन्सरचा घात करायला त्याचे चार थेंबही पुरतात.

हा सेन्सर आला कुठून? १ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज सहा’ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. पाचवी पायरी गाळून आपण चौथीवरून थेट सहावीवर उडी घेतली. जड वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा चौथ्या पायरीवर दर युनिट ऊर्जेमागे ३.५ ग्रॅम होती, ती अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. हे वायू श्वासनलिकेला जाचतात, लहान मुलांना अधिकच. तेव्हा कायदा योग्यच होता. तो पाळण्यासाठी ट्रकवर युरियाच्या द्रावणाची टाकी आली. हे द्रावण धुरात फवारले की विषारी वायूचे साधा नायट्रोजन आणि वाफ यांत रूपांतर होते. ते नीट होते की नाही, हे पाहणारा पहारेकरी म्हणजे ‘नॉक्स सेन्सर’.

या पहारेकऱ्याचे काळीज चिनी मातीच्या जातीचे, झिर्कोनियाचे असते. काम करण्यासाठी ते आतल्या तारेने सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवावे लागते. चुलीवरच्या तापलेल्या काचेच्या भांड्यावर पाणी शिंपडले तर काय होईल, हे घरातल्या कुणालाही सांगायला नको. इथेही तेच होते. थेंब पडला की तडा जातो आणि तडा गेलेला सेन्सर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. त्याची किंमत हजारांत मोजायची. शिवाय बिघाड तसाच राहिला तर संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. वीस टन कांदा घेऊन घाट चढताना ताकद गेली, तर प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

पाणी येते कुठून?

पावसाचे पाणी हा आरोपी नेहमीच खरा नसतो. एक लिटर डिझेल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. नळी तापलेली असेल तर वाफ बाहेर जाते. नळी थंड असेल तर तिचे दंव होते आणि ते खोलगट भागात साचते. म्हणूनच नळी पुरेशी तापल्याचा अंदाज येईपर्यंत संगणक सेन्सर तापवत नाही. पण साचलेले पाणी जास्त असेल आणि कुणी एकदम जोरात रेस केली, तर धुराच्या झोताबरोबर ते उडून तापल्या सेन्सरवर आदळते.

आता आपल्या जिल्ह्यातला हंगाम आठवा. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून उसाच्या गाड्यांची रांग हे इथले हिवाळी दृश्य. पहाटेच्या थंडीत इंजिन चालू करायचे, दहा-वीस फूट पुढे सरकायचे, पुन्हा बंद. दंव साचण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती कोणती? दुसरीकडे कल्याणच्या रस्त्याला लागलेला ट्रक आळेफाट्यापर्यंत कोरडा असतो आणि पावसाळ्यात माळशेज घाटात धुक्यापावसात शिरतो. तिसरे कारण आपलेच: वॉशिंग सेंटरवर दाबाच्या पाण्याचा फवारा थेट कपलरवर मारणे.

उपाय महागडे नाहीत. गार इंजिन चालू केल्यावर लगेच रेस करू नये. शक्य तिथे गाडी वरचेवर चालू-बंद न करता नळी तापेल इतकी सलग चालवावी. धुताना फवारा सेन्सर, त्याचा डबा आणि कपलर यांपासून दूर ठेवावा. वायरला खाली झोळ ठेवून बांधावे, म्हणजे ओघळलेले पाणी कपलरमध्ये न शिरता खाली ठिबकते. सेन्सर काढला तर भोक उघडे ठेवू नये आणि नवा बसवताना कंपनीने दिलेली जागा व कल बदलू नये. नवा सेन्सरही लवकर गेला, तर तिसरा आणण्याआधी पाणी शोधावे. कूलंट वारंवार कमी होत असेल, तर ते आतून गळून धुरात मिसळत असण्याची शक्यता असते.

ही माहिती पुस्तिकेत असते, पण पुस्तिका वाचतो कोण? कायदा दिल्लीहून एका दिवसात लागू झाला. त्याचे ज्ञान मात्र हमरस्त्यावरच्या मिस्त्रीपर्यंत पायी चालत येत आहे. या दरीत ‘सेन्सरला चकवणारा डबा’ विकणारे शिरतात. खोटा आकडा दाखवून गाडी पळते, युरियाचा खर्च वाचतो आणि नको तो धूर गावात राहतो. हप्ते फेडणाऱ्या एका ट्रकच्या मालकाला हा मोह का होतो, हे समजण्यासारखे आहे. तरीही तो बेकायदा आहे, आणि तो धूर त्याचीच मुले श्वासावाटे घेतात.

वास्तविक २०२४ मध्ये अहिल्यानगर झालेल्या या जिल्ह्यात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, तिच्या आवारात वाहनचाचणीचे राष्ट्रीय केंद्र आहे, तालुक्यातालुक्यात आयटीआय आहेत. गाळप हंगामाआधी गाडीतळावर चालक-मिस्त्रींसाठी एक दिवसाचा वर्ग भरवणे कारखान्यांना आणि या संस्थांना अवघड नाही. सेन्सर पाण्याने गेला की सदोष निघाला, हे ठरवण्याची तटस्थ सोयही हवी; आज त्या वादात मालकाची बाजू बहुधा लंगडी पडते.

दुष्काळी मुलखाने थेंब साठवण्याचे शास्त्र कष्टाने आत्मसात केले. नको तिथला थेंब अडवण्याचे शास्त्र त्यापुढे फार कठीण नाही. ते शिकवणारा मात्र कुणीतरी हवा.