बाळाला कोणतं दूध, हे विचारण्याआधी आईला सुट्टी द्या!

रोवणा सुरू झाला की आमच्या मोहाडी तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये सकाळनंतर तरुण बाई दिसत नाही. घरी उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. मागच्या पावसाळ्यात अशाच एका घरी गेले. तीन महिन्यांचं बाळ आजीच्या मांडीवर, तोंडात बाटली. बाटलीत गाईचं दूध आणि निम्मं पाणी. चार दिवसांपासून बाळाला हगवण लागलेली. आधी त्याला दवाखान्यात नेलं, मग समजवायला बसले. आजी म्हणाली, "सून बांधीत गेली बाई. मग मी पाजू काय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पाठ केलेलं. जन्मल्यावर तासाभरात चिकाचं दूध द्या. ते पिवळं, घट्ट दूध खराब म्हणून फेकू नका, तेच बाळाचं पहिलं संरक्षण. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी, मध, घुटी काही नको. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं आणि सोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त स्तनपान. गाईचं दूध वासरासाठी असतं. त्यातली प्रथिनं आणि क्षार तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत, लोहही फार कमी असतं. गाय कुणाला कितीही पवित्र वाटो, विज्ञान पावित्र्य पाहत नाही.

हे सगळं खरं आहे. पण आजीच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.

आपल्यातलेच चार बुकं शिकलेले लोक म्हणतात, "या बायांना अक्कलच नाही." मी त्यांना विचारते, दिवसभर चिखलात वाकून रोवणा लावणारी आई दर दोन-तीन तासांनी बाळाला छातीशी घेणार कशी? घरी थांबली तर मजुरी बुडते. बाळाला नेलं तर धुऱ्यावर पाऊस, विंचू, साप. पाळणाघर नाही. दूध काढून स्वच्छ भांड्यात झाकून ठेवता येतं आणि वाटी-चमच्यानं पाजता येतं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं तरी आपल्याकडच्या उकाड्यात ते दूध चार तासांच्या वर ठेवणं धोक्याचं. तिची पाळी मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

मग डबा आणा म्हणे! आई नसेल किंवा आजारपणामुळे पाजूच शकत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं पावडरचं दूध द्यावंच लागतं. त्यात लाज नाही. पण तीन महिन्यांच्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसच पुरतो आणि एका डब्याला दीड-दोन दिवसांची मजुरी जाते. म्हणून दोन मापांच्या जागी एक माप पडतं, पाणी उकळायला सरपण नसतं, आणि बाळ वाळत जातं. १९९२ च्या कायद्यानं अशा दुधाच्या जाहिरातीवर बंदी घातली, आईचं दूध सर्वोत्तम असल्याची सूचना डब्यावर छापायला लावली. सूचना छापली, पण ते दूध पाजायला वेळ कोण देणार?

हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात मांडला होता. गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार मालकानं व सरकारनं उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. कुणाला? ऑफिस-कारखान्यातल्या नोकरदार बाईला. तिला मिळालीच पाहिजे. पण बांधीतल्या बाईचं बाळ काय दगड खाऊन वाढतं?

२०१३ चा अन्न सुरक्षा कायदा सांगतो, सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्यानं लाभ घेणाऱ्या सोडून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये द्या. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, तेही हप्त्यांत. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००. दुसरा मुलगा झाला तर आईची भूक मिटते की काय? पाच हजारांना २६ आठवड्यांनी भागा: दिवसाला २८ रुपयेसुद्धा येत नाहीत. एवढ्यात कोणती बाई घरी थांबेल?

म्हणून "आईचं दूध अमृत" हे प्रवचन बंद करा. ज्या समाजाच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची शेतं पिकवली, त्यांच्या लेकरांचं दूध मजुरीनं हिरावलं आहे, अडाणीपणानं नाही. भूमिहीन बाईचा प्रश्न उपदेशानं सुटत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शेतमजूर आईला सहा महिने किमान वेतनाइतका भत्ता. रोवण्याच्या हंगामात गावोगावी पाळणाघर. आणि दूध काढून कसं ठेवायचं, हे आशाताई-अंगणवाडीताईंकडून फक्त सुनेला नाही, तर बाळ सांभाळणाऱ्या आजीलाही शिकवणं.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यानं बाबासाहेबांना हरवलं होतं. निदान त्यांनी १९२८ ला मागितलेली विश्रांती तरी आज या जिल्ह्यातल्या आईच्या पदरात पडू द्या. येत्या ग्रामसभेत बायांनो, भीमसैनिकांनो, हा ठराव मांडा. मी माझ्या गावात मांडणार आहे.

जय भीम!