आयडलिंग वाढवणं म्हणजे रिपेअर नव्हे

मंडळी, जुनी गाडी सिग्नलला थडथडते, बंद पडते. मेकॅनिक काय करतो? स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवतो. झालं काम! माझ्या मते हे म्हणजे एरर दिसू नये म्हणून लॉगच बंद करण्यासारखं आहे.

कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घ्या. ७९६ सीसी, सिलिंडर फक्त ३. एक मिसफायर झाला तरी अख्खी गाडी हादरणारच. म्हणून आधी प्लग काढून बघा. एकच काळा-ओला? मग तो प्लग, त्याची वायर नाहीतर कॉम्प्रेशन. तिन्ही पांढरट? मग बहुतेक कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद, व्हॅक्यूम भरपूर. त्यामुळे चिरलेला रबरी पाइपसुद्धा मिश्रण बिघडवतो. ॲक्सिलरेटर दिला की त्याच गळतीचा हिस्सा नगण्य होतो आणि गाडी शहाण्यासारखी पळते!

स्क्रू फिरवला की नेमकं हेच झाकलं जातं. आता समजा, चीर ब्रेक बूस्टरच्याच पाइपला असेल तर? घाटात उतारावर ब्रेक दगडासारखा कडक.

तेव्हा स्क्रूड्रायव्हर बाहेर निघाला की एकच विचारा, "बंद का पडते, ते आधी सांगा." उत्तर नसेल तर गॅरेज बदला!