मीठ रजा घेत नाही

समुद्रावरच्या मासेमारीच्या रिळाविषयी वरवंडच्या माणसाने लिहावे, हे पाहून कोकणातले वाचक हसतील. हसोत बापडे! पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की पन्नास-साठ किलोमीटरवर आमचे गाव येते. इथे पाटाच्या पाण्याचा व्हिक्टोरिया तलाव आहे, शेतात ऊस आहे, तालुक्यात गुऱ्हाळे आहेत. नाही तो एक समुद्र. पण आमचे शेजारी अण्णा मुंबईच्या गोदीत उमेदीची सारी वर्षे काढून गावी परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक रीळ होते. रविवारी कुलाब्याच्या खडकांवर बसून त्यांनी ते वीस-पंचवीस वर्षे वापरलेले. मराठीचा प्राध्यापक या फंदात पडला तो त्या रिळामुळे.

ज्यांनी असे रीळ पाहिलेले नाही त्यांनी पतंगाची फिरकी डोळ्यांपुढे आणावी. गळाच्या काठीला लावायच्या रिळांच्या मुख्य जाती दोन. एकीत फिरकी जागच्या जागी असते आणि तारेची कडी तिच्याभोवती फिरून दोरा गुंडाळते. नवशिक्याला ही सोपी. दुसरी जुन्या घराण्यातली. ती काठीच्या वरच्या अंगाला बसते आणि तिची फिरकी आडव्या आसावर स्वतःच गरगरा फिरते. गळ फेकताना फिरकीवर अंगठा हलकेच टेकवून ठेवावा लागतो. अंगठा चुकला की फिरकी दोऱ्याच्या पुढे धावते आणि तंगुसाची अशी शेव पडते की दिवाळीच्या सोऱ्याने लाजावे. तरीही मोठ्या, जड माशासाठी अनुभवी लोक याच जातीवर भरवसा टाकतात. कारण ओढ सरळ रेषेत येते, फिरकीत दोरा भरपूर मावतो आणि आतली रचना दणकट व साधी असते.

या रिळाचा प्राण म्हणजे त्याचा ड्रॅग. मुठीजवळ चांदणीच्या आकाराचे एक चाक असते. ते आवळले की आतल्या चकत्या, म्हणजे आपले वायसर, एकमेकांवर दाबल्या जातात. सैल केले की मोकळ्या होतात. मासा जोराने ओढू लागला की या चकत्या ठरावीक ताणावर घसरतात आणि दोरा सुटत जातो. पतंगवाल्यांच्या भाषेत, रीळ आपण होऊन ढील देते.

वर्गात मी अनेक वर्षे ‘एका कोळियाने’ या पुस्तकावर बोलत आलो आहे. हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरीचा हा अनुवाद पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली केला. त्यातल्या म्हाताऱ्याची जिद्द, त्याचा एकटेपणा, सागराशी त्याचे नाते, असे सारे मी एकदा अण्णांनाही रंगवून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “समदं खरं सर, पण त्याचा ड्रॅग कुठं हुता?” प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. म्हाताऱ्याजवळ रीळच नाही. दोर त्याच्या पाठीवरून आणि तळव्यांतून जातो. किती धरायचे नि किती सोडायचे हे त्याचे हात ठरवतात, आणि त्यापायी ते कापून निघतात. त्या तळव्यांचे काम रिळात चार-सहा चकत्या करतात. त्या चिकटून बसल्या तर मासा दोरा तोडून जातो, आणि निसरड्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाचा तोलही जातो.

म्हणून ड्रॅग अंदाजाने आवळू नये. तंगूस जितक्या वजनाला तुटते, त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतक्या ताणावर दोरा सुटला पाहिजे. वीस पौंडांचे तंगूस असेल तर पाच-सहा पौंड. दोरा स्प्रिंगच्या काट्याला बांधून ओढून पाहिले की कळते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मासा दोरा घेऊन पळाला आणि फिरकीवरच्या गुंडाळीचा घेर निम्म्यावर आला, की त्याच ड्रॅगचा ताण दुपटीवर जातो. अशा वेळी घाबरून चाक आणखी आवळणारा माणूस स्वतःच्या हाताने दोरा तोडतो.

फिरत्या फिरकीचे चांगले रीळ प्रथम घडवले ते घड्याळजींनी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ही कला वाढली. पुढे १९३२ साली ऑटो हेन्झ या गृहस्थांनी फिलाडेल्फियात ‘पेन’ नावाची कंपनी काढली आणि १९३६ साली मोठ्या समुद्री माशांसाठी ‘सेनेटर’ हे रीळ बाजारात आणले. या घराण्याचा गुण असा की एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक पाना हाताशी असला की धनी ते स्वतः उघडू शकतो. बाजूची तबकडी काढली की दातेरी चाके, चकत्या, उलटे फिरू न देणारा खटका, सारे समोर दिसते. जे दिसते ते पुसता येते आणि झिजलेले बदलता येते. टिकाऊपणाचे अर्धे रहस्य एवढेच.

उरलेले अर्धे मिठात आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते, मीठ राहते. पावसाळ्यात घरातल्या बरणीतले मीठ ओलसर होते हे गृहिणींना सांगायला नको. रिळाच्या आतले मीठही तसेच हवेतली ओल ओढून घेते. म्हणजे रीळ समुद्रापासून कोस दोन कोस दूर कपाटात असले तरी आत समुद्र चालूच असतो. पितळेवर कळंक चढतो. कल्हई नसलेल्या भांड्यात दही कळकते, त्यातलाच हा प्रकार. शिवाय ॲल्युमिनियमची फिरकी आणि पितळेचा किंवा पोलादाचा भाग खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की दोन धातूंत बारीकसा विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि बिचारे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. वरून रीळ लखलखीत, आतून पोखरलेले!

अण्णांनी मुंबईत एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच बनावटीची दोन रिळे घेतली होती. एक स्वतःला, दुसरे अलिबागकडे स्थायिक झालेल्या पुतण्याला. पुतण्या हौशी. दोन हंगाम त्याने खाडीच्या तोंडावर चांगले मासे काढले. तिसऱ्या हंगामात एका रात्री मोठा जिताडा लागला, ड्रॅग हलेना, आणि तंगूस ताडकन तुटले. त्याचा फोन आला, “काका, मालच खराब निघाला.” अण्णांनी रीळ मागवून घेतले आणि आमच्या ओसरीवर वर्तमानपत्र पसरून उघडले. आत पांढरे खडे, हिरवा थर, आणि चकत्या अशा चिकटलेल्या की सुरीच्या टोकाने सोडवाव्या लागल्या. शेजारी अण्णांनी स्वतःचे रीळही उघडून ठेवले. त्यातले पितळ देवघरातल्या समईसारखे होते. मी पुतण्याची बाजू घेतली. म्हटले, “अहो, तो काही रोज जात नव्हता. महिनोन्महिने रीळ कपाटातच असायचं.” अण्णा म्हणाले, “म्हणूनच सर. आपण रजा घेतो. मीठ घेतंय व्हय रजा?”

त्यांची पद्धत सांगतो. खर्चाची नाही, अर्ध्या तासाची आहे. घरी आल्यावर, कितीही दमले असले तरी, प्रथम चांदणीचे चाक बेताने आवळावे, म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार धरावी किंवा ओल्या फडक्याने पुसावे. नळाची जोराची धार मारू नये. तिने मीठ धुतले जात नाही, आत ढकलले जाते. फिरकीवरचे वरचे तंगूस सोडून तेही धुवावे, कारण त्याच्या खाली अडकलेले खारे पाणी फिरकी खाते. सावलीत वाळू द्यावे. वाळले की चाक पूर्ण सैल करून ठेवावे. महिनोन्महिने दाबलेल्या चकत्या चपट्या होतात आणि मग झटके देत घसरतात. आसाच्या टोकांना तेलाचा एकेक थेंब. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, रीळ उघडून जुने ग्रीस रॉकेलने काढावे आणि दातेरी चाकांना नवे लावावे. चकत्यांना मात्र तेल वा रॉकेल लागू देऊ नये. आणि नायलॉनचे तंगूस फार ताणून भरू नये. ते ताणले जाते, मग आक्रसते, आणि त्याच्या दाबाने प्लास्टिकच्या फिरक्या फुटल्याची उदाहरणे आहेत.

यात नवे काय, असे आमचे गुऱ्हाळवाले विचारतील. उसाचा चरक न धुता ठेवला तर रस आंबतो, हे त्यांना ठाऊक आहे. खंडेनवमीला आपण यंत्रांना हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. ती श्रद्धा चांगलीच. पण यंत्राला खरी पूजा लागते ती काम संपल्यावरची, जेव्हा अंग अंथरुणाला टेकायला आतुर झालेले असते.

आणि हा प्रश्न केवळ हुकलेल्या माशाचा नाही. पुतण्याला हळहळ वाटली ती जिताड्याची, अण्णा मात्र बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “त्यो गळ घिऊन गेला, त्याचं काय?” तोंडात गळ आणि मागे वीसेक हात तंगूस घेऊन तो मासा कुठल्या तरी खडकाच्या कपारीत अडकला असेल. नायलॉन कुजत नाही. एका माशाला ते पुरले नाही तर दुसऱ्याच्या, पाखराच्या किंवा कासवाच्या पायात गुरफटते. ज्याला मासा खायचा आहे त्याने तो पकडावा, यात पाप नाही. पण न धुतलेल्या चकतीपायी त्याला असे मरायला सोडणे हे कोणत्याही कोळ्याला शोभत नाही.

पुतण्याचे रीळ दुरुस्त झाले. दोन चकत्या आणि एक स्प्रिंग नवी घालावी लागली, बाकी सारे घासून पुसून निघाले. माल खराब नव्हताच. परवा ते अलिबागला रवाना झाले, तेव्हा अण्णांनी खोक्यात तेलाची छोटी कुपी आणि जुना दातांचा ब्रश घातला. चिठ्ठी घातली नाही.